रूळ बंद, बस चालू: ब्रिटनमधली रेल रिप्लेसमेंट बस नेमकी कशी चालते

२५ मे २०२५ ला ब्रिटनमधली साउथ वेस्टर्न रेल्वे ही कंपनी खाजगी हातातून सरकारकडे आली. मोठी बातमी होती, कारण रेल्वे पुन्हा सरकारी करायच्या नव्या धोरणातली ती पहिलीच कंपनी. त्या दिवसाची पहिली गाडी पहाटे ५:३६ ला वोकिंगहून लंडन वॉटर्लूला निघणार होती आणि झालं काय, तर सर्बिटनला उतरून पुढचा प्रवास बसने, कारण रुळांचं काम चालू होतं. पेपरांनी त्याचीच हेडलाईन केली, लोकांनी दिवसभर चेष्टा केली. पण खरं सांगते, मालक सरकार असो नाहीतर खाजगी कंपनी, ती बस त्या दिवशी तिथे असणारच होती. सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे इथली सार्वजनिक सुट्टी होती आणि अशा लांब विकेंडला रुळांची कामं काढायची हे इथे कितीतरी महिने आधी ठरलेलं असतं.

इकडे राहणाऱ्या बहुतेक मराठी माणसांनी ही रेल रिप्लेसमेंट बस एकदा तरी भोगलेली असते. शिकायला आलेली मुलं, एअरपोर्टला निघालेली कुटुंबं, आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आई-बाबा, ज्यांना आपण फोनवर सांगतो की "बाबा, गाडी नाहीये, स्टेशनच्या बाहेर बस उभी असेल" आणि बाबा विचारतात "बाहेर म्हणजे कुठे?" आणि आपल्यालाही ते माहीत नसतं. म्हणून जेवढं मला कळलंय तेवढं सोप्या भाषेत लिहितेय, की ही बस का लावतात, कोण लावतं, त्यात एवढा गोंधळ का होतो आणि गोंधळ झाला तर आपला हक्क काय.

माझं मत आधीच सांगते. माणसं चिडतात ती वेळ जास्त लागतो म्हणून कमी, आणि विचारायला समोर कोणीच नसतं म्हणून जास्त. आणि कोणी का नसतं हे कळायला आधी ही सगळी रचना कळली पाहिजे.

रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची, बस तिसऱ्याची

आपल्याकडे भारतात रूळ, गाडी, स्टेशन, टीसी सगळं रेल्वेचंच, निदान शिव्या कुणाला घालायच्या ते तरी पक्कं असतं. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात खाजगीकरण झालं तेव्हा याचे तुकडे केले. रूळ, सिग्नल, पूल, बोगदे हे आज नेटवर्क रेल या सरकारी संस्थेकडे. गाड्या चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, त्यातल्या काही आता सरकारी झाल्यात, काही होतायत. स्टेशनं नेटवर्क रेलच्या मालकीची, पण त्यातली बरीचशी चालवायला एखाद्या गाडीवाल्या कंपनीकडे, तीही दर वेळी तुमच्याच गाडीची कंपनी असेल असं नाही.

आता रुळांचं काम काढायचं असलं की नेटवर्क रेल तो पट्टा ताब्यात घेते, याला इथे पझेशन म्हणतात. त्या वेळात त्या पट्ट्यात प्रवासी गाडी येऊच शकत नाही, करंट बंद, माणसं रुळांवर, खडी टाकणाऱ्या आणि क्रेनवाल्या गाड्या आत. गाड्या नाहीत म्हटल्यावर प्रवाशांना पुढे न्यायची जबाबदारी गाडीवाल्या कंपनीची. पण त्या कंपनीकडे स्वतःच्या बस नसतात. मग ती हे काम करणाऱ्या एखाद्या मोठ्या वाहतूक कंपनीला सांगते, ती पुढे छोट्या छोट्या कोचवाल्यांना (कोच म्हणजे इथे सहलीला, लांब पल्ल्याला नेतात ती बस) फोन करते, आणि कोचवाला आपला ड्रायव्हर पाठवतो. म्हणजे तुम्ही ज्या माणसाला विचारता की "ही बस पीटरबरोची गाडी गाठून देईल का", तो त्या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला असतो. त्याच्या हातात एक कागद असतो, त्यावर स्टेशनांची नावं आणि वेळा. पुढची गाडी तुमच्या बससाठी थांबणार का, हे ठरवणारा माणूस कुठल्यातरी कंट्रोल रूममध्ये बसलेला, त्याचा आणि या ड्रायव्हरचा थेट संबंध बऱ्याचदा नसतोच.

यात पैशाचं गणितही आहे. रूळ बंद ठेवल्याबद्दल नेटवर्क रेल गाडीवाल्या कंपनीला भरपाई देते, करारातल्या ज्या भागात हे लिहिलंय त्याला शेड्यूल ४ म्हणतात. बुडालेलं उत्पन्न आणि बसचा खर्च हे दोन्ही त्यात ठरलेल्या सूत्राने धरतात, बसचा खर्च तर बस अंदाजे किती मैल पळणार त्यावरून. आणि बंदची सूचना जितकी लवकर दिली तितकी भरपाई कमी द्यावी लागते, त्यामुळे कामं आधी जाहीर करण्यात नेटवर्क रेलचा स्वतःचा फायदा असतो. हे मला चांगलं वाटतं. बदललेलं टाइमटेबल १२ आठवडे आधी पक्कं करायचं असाही नियम आहे, म्हणूनच स्वस्तातली ॲडव्हान्स तिकिटं साधारण तेवढ्याच आधी खुली होतात. एखाद्या रविवारची तिकिटं अजून दिसत नाहीयेत आणि आजूबाजूच्या दिवसांची दिसतायत, तर समजायचं की त्या रविवारी काहीतरी काम आहे आणि टाइमटेबल अजून बनतंय.

विकेंडच का, हा प्रश्न मुंबईकरांना तरी पडू नये. सेंट्रलचा रविवारचा मेगाब्लॉक तेच तर असतं. रात्री शेवटची गाडी गेल्यापासून पहिली येईपर्यंत हाताशी काही तास, त्यातला बराच वेळ करंट बंद करणं, मशीन आणणं, काम झाल्यावर तपासून रूळ परत देणं यातच जातो. सांधे बदलायचे किंवा खाली खडीपर्यंत खोदायचं म्हटलं तर एका रात्रीत होत नाही. म्हणून विकेंड, बँक हॉलिडे, ईस्टर आणि नाताळ. फक्त एक गोष्ट बदललीये, पूर्वी रविवार हा शांत दिवस होता, आता रविवारी माणसं तुडुंब फिरतात, त्यामुळे एकेकाळी बरोबर असलेलं हे गणित आता तितकं बरोबर राहिलेलं नाही.

एका गाडीला किती बस लागतात

आता खरा घोळ. लंडनहून यॉर्कशायर, स्कॉटलंडकडे जाणारी एलएनईआर या कंपनीची अझुमा नावाची नऊ डब्यांची गाडी घ्या, तिच्यात ६११ सीट आहेत. कोचमध्ये साधारण ५० माणसं बसतात. म्हणजे एका भरलेल्या गाडीसाठी बारा कोच लावले तरी काही लोक उरतात. आणि अशा गाड्या तासाला दोन-तीन येतात. लंडनच्या आसपासच्या लोकल गाड्यांमध्ये तर माणसं उभी राहूनही जातात, कोचमध्ये ते चालत नाही, सीट भरल्या की दार बंद. त्यामुळे कंपनी सगळ्यांसाठी बस लावतच नाही, ते शक्यच नसतं. ती अंदाज लावते, की काम आहे म्हटल्यावर किती लोक घरीच बसतील, किती जण कारने जातील, किती दुसऱ्या मार्गाने वळतील, आणि जे उरतील तेवढ्यांपुरत्या बस मागवते. त्या दिवशी शहरात मॅच असली किंवा मोठी कॉन्सर्ट असली आणि कुणी ते लक्षात घेतलं नाही, की मग स्टेशनबाहेर ती लांबच लांब रांग.

आणि एवढ्या बस आणायच्या कुठून? इथले छोटे कोचवाले आठवडाभर शाळांच्या मुलांची ने-आण करतात, त्यांची पोटापाण्याची कामं तीच. विकेंडला त्यांचे कोच रिकामे असतात म्हणून रेल्वेला मिळतात. सोमवार ते शुक्रवार चालणारं मोठं काम असेल तर शाळांच्या सुट्टीत काढावं लागतं. २०१९ मध्ये ब्रायटन मेन लाईन सलग नऊ दिवस बंद ठेवली होती, १६ ते २४ फेब्रुवारी, बरोबर शाळांच्या हाफ टर्मच्या सुट्टीत. उन्हाळ्यात परत अडचण, कारण त्याच कोचवाल्यांना तेव्हा सहली असतात.

त्यातून ड्रायव्हर. इथल्या लांब पल्ल्याच्या कोचच्या नियमांप्रमाणे साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, आणि हा नियम मोडायचाही नाही, तुमच्या-माझ्या जिवासाठीच आहे तो. पण बस ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा आली तर त्याच ड्रायव्हरची पुढची फेरी गळते, आणि स्टेशनवर उभ्या माणसाला दिसतं एवढंच की ५:१० ची बस आलीच नाही.

रस्त्याचाही विचार करा. इंग्लंडमधली बरीच छोटी स्टेशनं एकोणिसाव्या शतकातली, तेव्हा तिथे घोडागाडी यायची. गल्लीच्या टोकाला स्टेशन, समोर चार कार उभ्या राहतील एवढी जागा, मधे एखादा बुटका पूल ज्याच्याखालून डबल डेकर जात नाही. गाडी सरळ रेषेत जे अंतर बारा मिनिटांत कापते तिथे बसला हायवे सोडून गावात शिरा, वळा, परत हायवेला या, असं प्रत्येक स्टेशनला करावं लागतं. म्हणून जिथे जमतं तिथे दोन प्रकारच्या बस लावतात, एक सगळीकडे थांबणारी आणि एक मधलं सगळं सोडून थेट जाणारी. तुम्हाला शेवटपर्यंत जायचंय तर समोर उभी आहे म्हणून पहिल्याच बसमध्ये चढू नका, आधी विचारा थेट बस आहे का. दहा मिनिटं थांबून तासभर वाचू शकतो.

स्टेशनच्या बाहेर काय होतं

एकदा हिवाळ्यात रविवारी संध्याकाळी मी अशाच बसमध्ये होते, ड्रायव्हर दुसऱ्या गावाहून आलेला, बिचारा अतिशय सभ्य माणूस, त्याला रस्ता माहीत नव्हता आणि फोनवरचा नकाशा त्याला अशा रस्त्याने नेत होता जिथून कोच जाणार नाही. शेवटी एक वयस्कर बाई पुढे जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली आणि "आता डावीकडे, आता सरळ" करत तिने सगळ्यांना स्टेशनपर्यंत नेलं. बसमधले सगळे तिला थँक्यू म्हणत उतरले. छान वाटलं, पण मला त्यातलं टोचलं ते हे की त्या ड्रायव्हरला विचारायला कोणी नव्हतं आणि आम्हालाही कोणी नव्हतं, दोघांची अवस्था एकच. पुढची गाडी निघून गेलेली, प्लॅटफॉर्मवर ऑफिस बंद, आणि हेल्प पॉइंटचं बटण दाबल्यावर जो बोलला त्याला आमची बस आत्ता आलीये हे माहीतच नव्हतं.

रुळावर गाडी असते तेव्हा ती कुठे आहे हे सिग्नलच्या यंत्रणेला आपोआप कळत असतं, बोर्डावर "४ मिनिटं उशीर" असं जे दिसतं ते त्यातूनच. बस रस्त्यावर गेली की ती त्या यंत्रणेच्या डोळ्याआड. काही ठिकाणी आता बसमध्ये ट्रॅकर असतात, ॲपवर दिसतात, पण सगळीकडे नाही. म्हणजे आपण गाडीतून बसमध्ये जातो तेव्हा नुसता वेग जात नाही, आपल्याबद्दलची माहितीच जाते, आपण कुठे आहोत हे रेल्वेला कळेनासं होतं. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हे आहे. प्रवाशांच्या बाजूने काम करणारी इथली अधिकृत संस्था, ट्रान्सपोर्ट फोकस, लोकांना याबद्दल विचारत आलीये आणि त्यातून एक गोष्ट परत परत पुढे येते, की जास्त वेळ लागला तरी चालेल पण लांबच्या मार्गाने का होईना गाडीनेच न्या, बस नको. गाडीत बसलं की आपलं सामान, आपली सीट, टॉयलेट, आणि गार्ड नावाचा एक माणूस बरोबर असतो. बसमध्ये यातलं काहीच नक्की नसतं, शहरातली डबल डेकर पाठवली तर टॉयलेट नाही आणि सुटकेस ठेवायलाही जागा नाही.

पण वळवायला दुसरा मार्ग असायला तर हवा. डॉलिशचं उदाहरण इथे सगळे देतात. नैऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यावर रूळ अगदी समुद्राला लागून जातात, फेब्रुवारी २०१४ च्या वादळात समुद्राची भिंत फुटली आणि खालची जमीन वाहून गेल्यावर रूळ हवेत लोंबकळत राहिले, ते फोटो जगभर गेले. प्लिमथ आणि सगळा कॉर्नवॉल रेल्वेने तुटला. आतल्या बाजूने, ओकहॅम्प्टनवरून प्लिमथला जाणारा जुना मार्ग होता, पण तो १९६८ मध्येच बंद केलेला. मग ४ एप्रिलपर्यंत, दोन महिने, लोकांना कोचने जावं लागलं. त्या काळात पुष्कळ चर्चा झाली की पैसे वाचवायला बंद केलेला मार्ग किती महागात पडतो. मला ती चर्चा अगदी योग्य वाटते, कारण दुसरा मार्ग नसणं म्हणजे काय हे कोकणात गावी जाणाऱ्याला सांगायची गरज नाही. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटी आणि विन्हेरेच्या मध्ये दरड आली तेव्हा कोकण रेल्वेने अडकलेल्या लोकांसाठी एसटी लावल्या, आणि त्याही त्याच पावसात त्याच घाटांतून गेल्या.

अचानक बंद आणि ठरवून बंद यात फरक पडतो तो असा. ऑक्सफर्डला शिकणाऱ्या आपल्या मुलांना २०२३ आठवत असेल, नुनहॅमचा थेम्सवरचा पूल खचतोय म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला डिडकॉट ते ऑक्सफर्ड मार्ग एकदम बंद केला आणि तो जूनमध्ये उघडला. लंडनला जायला मेरिलबोनची दुसरी लाईन होती म्हणून निभावलं, पण डिडकॉटच्या बाजूला जाणाऱ्यांना बसच. त्याच महिन्यात स्टेशनच्या पुलाखालचा बॉटली रोडही दुसऱ्या कामासाठी बंद झालेला, म्हणजे स्टेशनला रस्त्याने पोचणंही अवघड. अशा वेळी आधी ठरवलेलं काहीच नसतं, बस मिळेल तिथून आणायच्या आणि पाट्या हाताने लिहायच्या.

आणि काम ठरवलेल्या वेळेत संपलंच नाही तर? २७ डिसेंबर २०१४ ला किंग्ज क्रॉसजवळचं नाताळातलं काम लांबलं, आणि लांब पल्ल्याच्या गाड्या फिन्सबरी पार्कला नेल्या, एवढ्याशा स्टेशनला. बाहेर रस्त्यावर हजारो माणसं, बॅगा, लहान मुलं, नंतर स्टेशनच बंद करावं लागलं. पार्लमेंटच्या समितीसमोर रेल्वेच्या वरिष्ठांना उत्तरं द्यावी लागली. त्यानंतर नियोजनात पर्यायी योजनेवर बराच भर आला, तो यायलाच हवा होता.

व्हीलचेअरवाल्या माणसाला बस नाही

या विषयातलं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारं प्रकरण हे आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

ब्रिटनमध्ये २००० साली बसबद्दल कायदेशीर नियम झाले, की २२ पेक्षा जास्त प्रवाशांच्या, ठरलेल्या मार्गावर चालणाऱ्या बस आणि कोचमध्ये व्हीलचेअर चढली पाहिजे. तयारीला भरपूर वेळ दिला, कोचसाठी तर शेवटची तारीख १ जानेवारी २०२०, म्हणजे वीस वर्षं. या सगळ्या वर्षांत रेल्वेवाल्यांनी असं धरून चाललं की रिप्लेसमेंट बस म्हणजे रेल्वेचीच सोय, तिला हा नियम लागत नाही. डग पॉली हे व्हीलचेअर वापरणारे कार्यकर्ते आहेत, बसमधल्या व्हीलचेअरच्या जागेसाठी ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते आणि २०१७ मध्ये तो निकाल आला, त्यांनीच हा प्रश्नही लावून धरला. २०१९ मध्ये रेल्वेच्या नियामकाने कायद्याचा सल्ला घेतला आणि सल्ला आला की नियम लागतो.

मग एकदम धावाधाव. कारण छोट्या कोचवाल्यांकडे लिफ्ट असलेले कोच फारच कमी, लिफ्ट बसवायचा खर्च मोठा, सीटही कमी होतात, आणि शाळेच्या नाहीतर सहलीच्या कामाला तो खर्च परवडत नाही असं त्यांचं म्हणणं. नियम तंतोतंत लावला तर विकेंडला बसच मिळणार नाहीत अशी भीती. सरकारने मग तात्पुरती सवलत दिली, ती संपत आली की पुढची, असं चालत आलंय. दोन्ही बाजू मला समजतात, अर्ध्या बस रद्द होऊन सगळेच अडकले तर त्यात अपंग माणसाचाही फायदा नाही. तरी वीस वर्षं मुदत देऊनही तयारी झाली नाही आणि त्याचा भार शेवटी ज्याला जिना चढता येत नाही त्याच्यावरच पडला, हे मला पटत नाही.

आज व्यवहारात काय होतं, तर तुम्ही त्या बसमध्ये चढू शकत नसाल तर कंपनीने तुम्हाला जास्तीचे पैसे न घेता चढता येईल असं वाहन द्यायचं, बहुतेक वेळा टॅक्सी. हा हक्क आहे, उपकार नव्हे. पॅसेंजर असिस्ट नावाच्या सोयीत प्रवासाच्या दोन तास आधीपर्यंत मदत बुक करता येते, फोनवर किंवा ॲपवर, आणि न बुक करता गेलात तरी मदत मागता येते, फक्त थांबावं लागतं. आपल्या आई-बाबांचे गुडघे दुखत असतील, कोचच्या त्या तीन उंच अरुंद पायऱ्या जमत नसतील, तरी हे मागता येतं, त्यासाठी व्हीलचेअरच पाहिजे असं नाही. आपले लोक इथे संकोच करतात, आई तर म्हणणारच "कशाला उगीच त्यांना त्रास, मी चढते हळूहळू". त्यांच्या वतीने तुम्ही बुक करा.

प्रॅम घडी होत असेल तर चालते, सायकल मात्र बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, घडीची असेल तरच. सायकल घेऊन निघाला असाल तर आधी कंपनीची साईट बघा, नाहीतर मधल्याच स्टेशनवर सायकलसकट उभं राहावं लागेल. अंध माणसाच्या मदतनीस कुत्र्याला मनाई नसते.

पैसे परत कधी मिळतात

रेल्वेचं तिकीट या बसमध्ये चालतं, वेगळं काही काढायचं नसतं. ही गोष्ट मला मनापासून आवडते. मुंबईत २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाक पूल पाडायला २७ तासांचा ब्लॉक घेतला होता, किंवा मे-जून २०२४ मध्ये ठाण्याचा प्लॅटफॉर्म रुंद करायला ६३ तासांचा, तेव्हा जादा बस सोडल्या होत्या, पण लोकलचा पास खिशात असूनही बसचं तिकीट वेगळं काढायचं. पासाचे पैसे आधीच भरलेल्या माणसाला हे का म्हणून, याचं उत्तर आपल्याकडे कुणी मागतच नाही.

इथे उशीर झाला तर डिले रिपे नावाची योजना आहे. बऱ्याच कंपन्यांमध्ये १५ मिनिटं उशीर झाला तर एका बाजूच्या भाड्याच्या २५ टक्के, ३० मिनिटांपासून ५० टक्के, तासाच्या वर गेलं की पूर्ण. २८ दिवसांच्या आत मागायचं, तिकिटाचा फोटो ठेवायचा. आणि आता नीट लक्ष द्या, कारण लोक इथेच फसतात. उशीर मोजतात तो त्या दिवसाच्या बदललेल्या टाइमटेबलवरून. म्हणजे एरवी दीड तासाचा प्रवास कामामुळे अडीच तासांचा जाहीर केला असेल आणि तुम्ही अडीच तासांत पोचलात, तर हिशोबाने तुम्ही वेळेवर आलात, काही मिळणार नाही. बस उशिरा आली आणि तीन तास लागले तर तो अर्धा तास धरला जातो. मला हा नियम अर्धाच योग्य वाटतो. काम जाहीर केलं म्हणून उशीर धरायचा नाही हे ठीक, पण मग गाडीची सोय न देता गाडीचंच पूर्ण भाडं का? जाहीर झालेल्या बस-प्रवासाला तिकीट सरसकट थोडं स्वस्त असायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. फर्स्ट क्लासचं तिकीट काढून बसमध्ये बसावं लागलं तर काही वेळा फरकाचे पैसे मागता येतात, मग साध्या तिकिटाला तोच न्याय का नाही.

तिकीट काढल्यावर बदल झाला आणि तुम्ही जायचंच रद्द केलं, तर पूर्ण पैसे परत. ॲडव्हान्स तिकीट ठराविक गाडीचं असतं, पण बसमुळे ती चुकली तर पुढच्या गाडीने जाता येतं, नवीन तिकीट काढायला कुणी सांगितलं तर काढू नका, बस उशिरा आली हे सांगा. आणि शेवटची बस आलीच नाही, रात्र झाली, तर वाऱ्यावर सोडायचं नाही असं प्रवासाच्या अटींमध्येच लिहिलंय, जमेल तसं मुक्कामाला पोचवायचं नाहीतर रात्री राहायची सोय करायची. यासाठी स्वतःच टॅक्सी करून पावती नंतर पाठवण्याआधी कंपनीला फोन किंवा मेसेज करून विचारा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, त्याने पुढचं भांडण वाचतं.

बस कुठे उभी राहते या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर पण आहे बरं का. बहुतेक स्टेशनांवर आसपासच्या भागाचा एक नकाशा लावलेला असतो, त्यात रिप्लेसमेंट बसचा थांबा दाखवलेला असतो, आणि तोच नकाशा नॅशनल रेलच्या साईटवर स्टेशनच्या पानावर मिळतो. आदल्या रात्री त्याचा फोटो आई-बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवायचा. थांबा दर वेळी स्टेशनच्या दारातच असेल असं नाही, कधी मागच्या रस्त्यावर असतो.

मग चांगलं करता येतं का

येतं. जर्मनीने १५ जुलै ते १४ डिसेंबर २०२४ फ्रँकफर्ट ते मानहाइम हा साधारण ७० किलोमीटरचा मार्ग सलग पाच महिने बंद ठेवून सगळं एकदम नवीन केलं. त्यासाठी १५० बस एकाच जांभळ्या रंगात आणल्या, साधारण ४०० ड्रायव्हर खास त्या कामासाठी भरती केले. म्हणजे बस लांबून दिसली तरी कळायचं की ही आपली, आणि ड्रायव्हर रोज त्याच रस्त्यावर. प्रवासाला वेळ जास्त लागलाच, त्याला इलाज नाही. पण पाच महिन्यांचं काम आहे म्हणून हे परवडलं, दर विकेंडला वेगळ्या मार्गावर काम असेल तर कुणी रंग देऊन बस आणणार नाही. इथे ब्रिटनमध्येही हाच वाद चालू असतो, वर्षभर तुकड्या तुकड्यात त्रास की एकदाच मोठा. रोज ऑफिसला जाणाऱ्यांना विकेंड बरे वाटतात, विकेंडलाच घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना नाही. मला विचाराल तर सलग बंद ठेवणं बरं, कारण मग बसची यंत्रणा बसते, दुसऱ्या दिवसापासून पाट्या, माणसं, वेळा सगळं रुळतं, आणि स्टेशनबाहेर जॅकेट घातलेला एक माणूस उभा राहतो ज्याला खरंच माहीत असतं.

नाताळचं मात्र वेगळं. २५ डिसेंबरला इथे गाड्या चालतच नाहीत, आणि गाड्याच नाहीत म्हणून त्यांच्या बदल्यात बसही नाही. २४ ला संध्याकाळीच गाड्या कमी व्हायला लागतात, २६ ला अगदी थोड्या मार्गांवर चालतात. भारतातून कुणी नाताळच्या दिवशी हीथ्रोला उतरणार असेल तर रेल्वेवर अवलंबून राहू नका, नॅशनल एक्सप्रेसचे कोच त्या दिवशीही चालतात, त्यांची तिकिटं आधी काढा किंवा कुणाला तरी कार घेऊन यायला सांगा. आणि २७ ते १ जानेवारीच्या मधलं काहीही ठरवताना आधी बघा तुमच्या मार्गावर काम कधी संपतंय, आणि ते ज्या सकाळी संपतंय त्या सकाळची पहिली गाडी विमानासाठी धरू नका.